मागे आहे का बाकीचं?

आमच्या गोतावळ्यात दोन डॉक्टर आहेत, एक वकील आहे, एक पशुवैद्य आहे आणि विमा एजंट तर मोजू नयेत इतके आहेत. प्रत्येकाकडून काही ना काही फुकट मिळतं. त्यामुळे मी मुंबईला व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकायला गेले, तेव्हा हिच्याकडून फुकट काय मागायचं, या विचारात मंडळी काही दिवस गप्प होती. आजी विचारणाऱ्याला ‘चित्रं काढायचं शिकते’ म्हणून सांगायची. बाबा ‘डिझाइन’ एवढा एकच शब्द उच्चारून विषय पावसावर न्यायचे. मग कुणीतरी शोध लावला की हिला फोटोशॉप येतं. तेव्हापासून माझी प्रॅक्टिस जोरात आहे. गेलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत पाटावर बसवणं, आत्याच्या मागे आलेला विजेचा खांब पुसणं, एका घरच्या फोटोतून जावयाला काढणं आणि समेट झाल्यावर त्याच जावयाला त्याच जागी परत उभं करणं, अशी कामं मी केली आहेत. शेवटच्या कामाला मानधन म्हणून ब्लाउज पीस मिळाला.

या शिक्षणातून पैसेही मिळतात हे पटवायला माझ्याकडे एकच हुकमी उदाहरण आहे, रुपयाचं चिन्ह. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांनी ते काढलं. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ते स्वीकारलं आणि त्यांना अडीच लाखांचं बक्षीस मिळालं. कराडच्या मामाला मी हे कागदावर काढून दाखवलं. देवनागरी र, उभा दांडा काढून घेतलेला इंग्रजी आर, वर शिरोरेषा आणि खाली तिला समांतर आणखी एक रेघ. मामानं कागद हातात घेऊन नीट बघितला. ‘र तर आपला होताच,’ तो म्हणाला. ‘वरची रेघही होती. म्हणजे खालच्या एका रेघेचे अडीच लाख.’ त्यानंतर तो माझ्याशी जरा अदबीनं बोलायला लागला.

वर्गात मात्र रेघ वाढवण्याचं नाव कुणी काढत नाही. पहिल्या सत्रापासून एकच पाठ: काढा. पोस्टरवर सात गोष्टी असतील तर चार काढा. उरलेल्या तीनमधली एक काढून बघा. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे तर इतक्यांदा कानावर पडलंय, की मेसमध्ये ताटात भाजी कमी पडली तरी आमच्यातलं कुणीतरी ते ऐकवतंच. ही शिस्त मूळची स्वित्झर्लंड-जर्मनीकडची. आपल्याकडे ती रुजवण्यात अहमदाबादच्या एनआयडीचा वाटा मोठा. १९६१ साली सुरू झालेल्या त्या संस्थेच्या मुळाशी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ मध्ये दिलेला अहवाल आहे, आणि त्यातला लोट्याचा उतारा वाचल्याशिवाय आमच्याकडे कुणाचं पहिलं वर्ष पार पडत नाही. भारतात बघितलेल्या वस्तूंमध्ये त्या दोघांना सगळ्यांत सुंदर वाटला तो साधा लोटा. तो घडवायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच दिली आहे. पाणी किती मावावं, डोक्यावर आणि कमरेवर कसा बसावा, ओतताना कसा तोलावा, किंमत किती पडावी, वगैरे.

मला वाटतं, ईम्स नवराबायको आणखी पंधरा वर्षांनी आले असते आणि एखाद्या मराठी घरात चहाला थांबले असते, तर लोट्याची गादी धोक्यात आली असती. कारण १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं.

आम्हाला दुसऱ्या वर्षी दिनदर्शिकेचा प्रकल्प होता. वर्गात कालनिर्णयचं पान पडद्यावर आलं ते गर्दीचा नमुना म्हणून. बरोबरच आहे, तिथे काढण्यासारखं काय नाही? तारखेचा मोठा आकडा, त्याच्याभोवती तिथी, नक्षत्र, सण, पुण्यतिथी, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ, आणि पान उलटलं की पाठीमागे लेख नाहीतर पाककृती. मी यातलं सगळं गाळून एक उंच, पांढरं, देखणं पान केलं. बारीक करडे आकडे, रविवार तेवढा किंचित तांबूस. परीक्षकांना ते फार आवडलं. एक प्रत घरी नेऊन स्वयंपाकघरात लावली. आईनं हात पुसत पुसत ते बघितलं आणि विचारलं, ‘दूध कुठं लिहू?’

तेव्हा मी पहिल्यांदा जुन्या पानाजवळ जाऊन उभी राहिले. आकड्याच्या चौकोनात छापलेला मजकूर जिथे संपतो, तिथून आईचा मजकूर सुरू होतो. दुधाची एक पिशवी जास्त घेतली की छोटी उभी रेघ, दूध आलंच नाही तर फुली. कामवाल्या मावशींच्या खाड्याला गोल. सिलिंडर लावला त्या तारखेला ‘सि’. आजीच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी बाण. मधेच एका चौकोनात फक्त ‘बोलले’ असं लिहिलं होतं. कोण, कुणाशी, काय बोलले, हे आईलाच ठाऊक, आणि तिनं ते सांगितलं नाही. खिळ्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. गेल्या वर्षीचं कॅलेंडर याच कॅलेंडरच्या पाठीमागे त्याच खिळ्याला, कारण मागचा सिलिंडर किती दिवस पुरला ते त्याच्यात आहे. आजी चष्मा न लावता भिंतीपाशी जाते, बोटानं चौकोन मोजते आणि संकष्टी कधी ते सांगते. म्हणजे ती अक्षरं वाचतच नाही, जागा वाचते. ज्या पानाला आम्ही गर्दी म्हणतो, ते निरक्षर बाईलाही सरावानं वाचता येतं. माझं देखणं पान आता बाबांच्या टेबलापाशी आहे आणि तिथे ते शोभतंही. बाबांना दुधाचा हिशेब ठेवायचा नसतो.

मग ताईचं लग्न ठरलं. मामाची थोरली. पत्रिकेचं काम माझ्याकडे येणार हे रुपयाच्या रेघेपासूनच नक्की होतं. मी हस्तिदंती रंगाचा जाड कागद निवडला. वर बरीच जागा मोकळी, खाली डाव्या बाजूला दोन नावं, तारीख, गाव, कार्यालय. काळ्याच्या जवळ जाणारा एक राखाडी रंग मी मोठ्या हौसेनं शोधला होता. मामानं पत्रिका हातात घेतली, वाचली आणि उलटी केली. ‘मागे आहे का बाकीचं?’

मामीनं जरा समजुतीनं घेतलं. ‘चांगली आहे गं. आणि वर एवढी जागा ठेवलीस ते बरं केलंस, सगळे बसतील.’ आजीनं मात्र राखाडी अक्षरांवर बोट ठेवून थेट विचारलं, ‘कोण गेलं?’

मला ते कार्ड अजूनही आवडतं. पण मराठी लग्नपत्रिका ही दोन माणसांच्या लग्नाची बातमी असते, हा समज मुंबईत बसून होतो. वरवधू त्यात निमित्तापुरते. वर गणपती, मग कुलदैवत, मग ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. मग ‘चि. सौ. कां.’ आणि ‘चि.’, म्हणजे दोन्हीकडचे चिरंजीव, त्यानंतर ‘कै.’ लावलेले आजोबा, कारण निमंत्रणात गेलेलाही माणूस लागतो. मग मुहूर्त. तो बारा वाजून छत्तीस मिनिटांनी असतो, पस्तीस नाही आणि सदतीसही नाही, आणि तरी सगळ्यांना माहीत असतं की छत्तिसाव्या मिनिटाला नवरदेव पारावर फोटो काढत असणार. खाली निमंत्रक, त्याखाली व्यवस्थापक, म्हणजे ज्यांना निमंत्रकात जागा मिळाली नाही ते. आणि अगदी तळाला, कागद संपता संपता, घरातल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’

यातलं काय काढू? आम्हाला शिकवतात की मजकुराच्या पायऱ्या पाडा: आधी डोळा कुठे जावा, नंतर कुठे. मामाच्या घरी हा तास रात्री जेवणानंतर भरला आणि जाजमावर साडेअकरापर्यंत चालला. थोरल्या आत्यांचे यजमान आणि धाकट्या आत्यांचे यजमान वयानं मागेपुढे, पण धाकटे सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. कुणाचं नाव आधी? मामा बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘दोघांना एका ओळीत बसव. अक्षर बारीक कर पाहिजे तर. पण ओळ एक.’ एवढ्या नेमक्या शब्दांत मला आजवर कुणी ब्रीफ दिलेलं नाही. दोन्ही नावं लांबलचक होती. अक्षरांमधलं अंतर मी केसभर आवळलं, मधलं नाव आद्याक्षरावर आणलं, तर थोरल्यांचं आद्याक्षर झालं आणि धाकट्यांचं पूर्ण राहिलं. मग दोघांचीही आद्याक्षरं. मामीनं मोबाइलवर बोटांनी ताणून दोन्हींची लांबी सारखी आहे ना ते बघितलं आणि मगच हो म्हणाली.

छपाईला कराडातल्या एका डीटीपीच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यात संगणक, स्कॅनर, लॅमिनेशनचं यंत्र, दादा आणि दादांचा चहा. मी फाइल नेली होती. दादांनी ती उघडली, माझ्या नकळत एक सुस्कारा सोडायचा प्रयत्न केला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. ‘मॅडम, वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार भांडतायत.’ खरंच भांडत होते. वरच्या ओळीतल्या ‘हू’चं शेपूट खालच्या ‘र्त’च्या डोक्यावर टेकलं होतं. आमची पुस्तकं रोमन अक्षरांसाठी लिहिलेली. अक्षराच्या वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-रुकार असा दोन्ही मजल्यांवर संसार मांडलेल्या लिपीला ओळीत जास्त जागा लागते, हे दादांना कुणी शिकवलेलं नाही. रोज पत्रिका लावता लावता त्यांना ते कळलंय. ते कोरलड्रॉ आणि श्रीलिपी वापरतात. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोडातला मजकूर जुन्या फाँटात थेट नीट उतरत नाही, आणि कन्व्हर्टर जोडाक्षरं खातो असा त्यांचा अनुभव, म्हणून सगळी नावं स्वतः पुन्हा टाइप करतात. टाइप करताना मोठ्यानं वाचतात. त्यामुळे दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या दोन माणसांना आमच्या घरातली सगळी नाती कळली, आणि त्यातल्या एकानं एका आत्यांचं आडनाव दुरुस्तही करून दिलं.

दादांचं खरं राज्य पत्रिकेत नाही, फ्लेक्समध्ये आहे. गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांचे कापून ठेवलेले चेहरे त्यांच्या संगणकात आहेत. गॉगलचा वेगळा, फेट्याचा वेगळा, फोन कानाला लावलेला वेगळा. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे मुंबईच्या कुठल्याही ज्युरीला भोवळ यावी असा ऐवज. पण मी शेजारी बसून एक होताना बघितला. मुख्य साहेबांचा फोटो डावीकडे ठेवायचा होता आणि साहेब फोटोत डावीकडेच बघत होते, म्हणजे मजकुराकडे पाठ. ‘लोक म्हणतात, शुभेच्छा देणाऱ्यांकडं बघतसुद्धा नाहीत साहेब,’ दादा म्हणाले आणि त्यांनी फोटो उलटा केला. नजर मजकुराकडे वळली, पण शर्टाचा खिसा उजवीकडे गेला आणि घड्याळ उजव्या हातात आलं. तेव्हा दादांनी खिसा कापून परत डावीकडे लावला, त्यातल्या पेनासकट. घड्याळाचं विचारलं तर म्हणाले, ‘घड्याळ असू दे. उजव्या हातात पण घालतात लोक. खिसा नसतो कुणाचा उजवीकडं.’ नजरेची दिशा यावर आमच्याकडे एक आख्खं व्याख्यान झालं होतं. त्यात खिशाचा उल्लेख नव्हता.

फ्लेक्सचं मी कौतुक करतेय असं नव्हे. गावाच्या वेशीवरचं वडाचं झाड त्यापायी दिसेनासं झालंय, याचा मला राग आहे. पण तळाच्या पट्टीत नखाएवढे ओळीनं बसवलेले ते शुभेच्छुक बघितले की पत्रिकेतली चिल्लीपिल्ली आठवतात. आमच्याकडची माणसं कागदावर आधी माणूस शोधतात. आपलं किंवा ओळखीचं नाव, चेहरा, निदान आपल्या हातची फुली. तो सापडला की मग सवडीनं माहिती. पत्रिका हातात आल्यावर आधी मुहूर्त बघणारा नातेवाईक मला अजून भेटलेला नाही.

पत्रिका छापून आल्या. मी चकचकीत लॅमिनेशन नको म्हणून हट्ट धरला होता, तो मामीला वेगळ्याच कारणानं पटला. तिनं पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि बाकीच्या गठ्ठ्याला हळदकुंकू लावायला बसली. वाटीत ओली हळद, वाटीत ओलं कुंकू, करंगळीशेजारच्या बोटानं चारी कोपऱ्यांना एकेक टिपका. साध्या कागदात तो लगेच मुरतो आणि कडेनं थोडा पसरतो. लॅमिनेशनवर नुसता तरंगतो आणि पुढच्या पत्रिकेच्या पाठीला लागतो. माझा हस्तिदंती रंग, ज्यासाठी मी कागदाच्या दुकानात अर्धा दिवस घालवला होता, तो हळदीखाली फार छान दिसला. ही छपाईची शेवटची पायरी कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते.

या सत्रात आम्हाला मार्गदर्शक फलकांचा प्रकल्प आहे आणि मी दादर स्टेशन घेतलंय. आमच्याकडे अशा कामाचा देव म्हणजे हॅरी बेक, लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ साली छापलेला सरळ रेघांचा नकाशा करणारा. मुंबईत बेकला फारसं काम उरलं नसतं. इथली रेल्वेच मुळात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ निघालेली. इथे प्रश्न नकाशाचा नसतो. कुठला पूल, कुठला प्लॅटफॉर्म आणि डबा कुठे येणार, एवढ्यावर जीव टांगलेला असतो. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंनी आपापले प्लॅटफॉर्म एकपासून मोजलेले होते. त्यामुळे ‘एक नंबरवर भेट’ असं ठरवून दोन माणसं दोन एक नंबरांवर उभी राहून एकमेकांवर चिडायची. ९ डिसेंबर २०२३ पासून ते बदललं. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. कागदावर यापेक्षा स्वच्छ तोडगा शक्य नाही. फलकही ठळक आहेत, आकडे मोठे आहेत, बाण योग्य जागी आहेत.

आणि फलकाच्या बरोबर खाली उभा राहून माणूस विचारतो, ‘कल्याण स्लो कुठं लागते?’

मी पुलावर वही घेऊन उभी राहते आणि हेच टिपते. विचारणाऱ्यांमध्ये अडाणी कमी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलेले जास्त. विचारायचा माणूसही ठरलेला असतो. पोलिसाला विचारत नाहीत, धावणाऱ्याला नाही, कानात बोळे घातलेल्याला नाही. स्थिर उभ्या असलेल्या माणसाला विचारतात, आणि दादरला स्थिर उभे असतात ते फक्त स्टॉलवाले. पुलाच्या पायथ्याशी एक वडापाववाला आहे. तो पाव कापता कापता, वर न बघता, दिवसभर उत्तरं देतो. त्याचं उत्तर असं: ‘आठ. जुना एक. वर, उजवीकडं, तिसरा जिना.’ जिना म्हणताना सुरीचं टोक त्या दिशेला जातं. जुना नंबर, नवा नंबर, दिशा आणि खूण, सगळं एका दमात. आमच्या फलकात यातलं एक काहीतरी कायम राहून जातं, बहुधा ‘जुना एक’. मी माझ्या आराखड्यात नव्या आकड्याखाली जुना आकडा बारीक घातलाय. मार्गदर्शकांचं म्हणणं, तो काढ, सवय मोडायची तर जुनं दाखवायचं नाही. आमचा वाद अजून मिटलेला नाही. दरम्यान फलकाखाली भिंतीला टेकून उभं राहता येईल एवढी थोडी जागा, विचारण्यासाठी, असंही मी सुचवलंय. त्यावर त्यांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय.

परवा गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवून मी तिथेच उभी होते. म्हणजे स्थिर, आणि वर ओळखपत्र. पाच मिनिटांत मी स्टेशनची कर्मचारी झाले. डोंबिवलीला जाणारे एक आजोबा, हातात कुंडीचं रोप, माझ्यापाशी आले. मी नवा नंबर सांगितला, जुना सांगितला, पूल दाखवला, तिथून डबा कुठे येईल तेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ‘बरं, बरं, थँक्यू हं बाळ,’ म्हणाले, चार पावलं पुढे गेले आणि वडापाववाल्याला विचारलं.